किल्ले कमी, गढ्या जास्त

तोर्रेकियाराच्या किल्ल्यात एका खोलीचे छत पाहायला लोक माना वर करून उभे राहतात. पंधराव्या शतकातल्या या छतावर एक बाई यात्रेकरूच्या वेषात, हातात काठी घेऊन, एका किल्ल्याकडून दुसऱ्या किल्ल्याकडे चाललेली दाखवली आहे. तिचे नाव ब्यांका पेल्लेग्रीनी. किल्ल्याचा मालक प्येर मारिया रोस्सी याची ती प्रेयसी. दोघांचीही लग्ने आधीच दुसरीकडे झालेली. चित्रे बेनेदेत्तो बेंबो या चित्रकाराची मानली जातात. भिंतींवरच्या भाजक्या मातीच्या फरशांना एके काळी सोनेरी मुलामा होता, म्हणून हिला सोन्याची खोली म्हणतात. मुलामा गेला, हृदये, आद्याक्षरे आणि चिमुकले किल्ले उठवलेल्या फरशा तेवढ्या उरल्या. इथे येणाऱ्याला प्रेमकथा ऐकवली जाते, आणि ती ऐकण्यासारखी आहेच. पण छताकडे जरा वेळ पाहिले की लक्षात येते, बाईपेक्षा किल्ल्यांनी जास्त जागा घेतली आहे. हे किल्ले चित्रकाराच्या कल्पनेतले नाहीत, रोस्सीच्या ताब्यातले आहेत. प्रेमाच्या निमित्ताने मालकाने आपल्या खासगी दालनात स्वतःच्या मालमत्तेची यादीच रंगवून घेतली आहे.

उत्तर इटलीत पार्मा आणि प्याचेन्झा या दोन शहरांच्या आसपास, पो नदीच्या सपाट खोऱ्यापासून अ‍ॅपेनाइनच्या डोंगरांपर्यंत, असे किल्ले डझनांनी आहेत. त्यांतले बरेच एका संघटनेच्या छत्राखाली प्रवाशांना खुले आहेत. मिलानहून पार्मा महामार्गाने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे मिलान-तुरीनकडे शिकायला किंवा नोकरीला असलेल्या आपल्या लोकांना भाड्याच्या गाडीने शनिवार-रविवारची ही सहल सहज जमते, आणि युरोपच्या दौऱ्यात रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिसच्या रांगांना कंटाळलेल्यांनाही दोन दिवस इकडे वळवता येतात. अडचण आहे ती पाहण्याच्या दृष्टीची. 'मध्ययुगीन किल्ला' म्हटले की डोळ्यांसमोर वेढा, उकळते तेल, तलवारी आणि शर्थीची झुंज येते. मराठी माणसाच्या मनात तर किल्ला म्हणजे लढाई हे समीकरण पक्के बसलेले. माझे म्हणणे असे, की पार्म्याच्या मुलखातले किल्ले या नजरेने पाहिले तर बहुतेक निराशाच पदरी पडते. ही मुळात खासगी सत्तेची घरे आहेत. आपल्याकडचा जवळचा नमुना शोधायचा तर तो राजगड-प्रतापगड नव्हे, तर देशमुखाची गढी. राहायचे घर, धान्याचे कोठार, वसुलीची कचेरी, न्यायाची ओसरी आणि गरज पडली तर दोन दिवस तग धरता येईल असा तट, हे सगळे एकाच भिंतीआड.

याचा पहिला पुरावा किल्ल्यांच्या जन्मातच आहे. शाळेच्या पुस्तकांत आणि माहितीफलकांवर बहुधा एकच कारण दिलेले असते. इ. स. ८९९ मध्ये हंगेरियन घोडेस्वारांनी ब्रेंता नदीकाठी इटलीचा राजा बेरेंगारियो याचा पराभव केला, त्यानंतर अर्धे शतक त्यांच्या स्वाऱ्या होत राहिल्या आणि घाबरलेल्या लोकांनी गावोगाव तट उभारले. बेरेंगारियोने तट बांधायला परवानगी देणाऱ्या सनदा दिल्या हे खरे, आणि त्यांतल्या काहींत परधर्मीयांच्या हल्ल्याचे कारण लिहिलेले आहे हेही खरे. पण पो खोऱ्यातल्या किल्ल्यांवर आयुष्यभर काम केलेले इतिहासकार आल्दो सेत्तिया यांनी कागदपत्रे तारखांप्रमाणे लावून दाखवले, की हंगेरियन स्वाऱ्या थांबल्यानंतरही किल्ले वाढतच गेले, किंबहुना त्यानंतरच झपाट्याने वाढले. शत्रू गेल्यावर तट वाढतात, तेव्हा तटाचे कारण वेगळे असते. फ्रेंच इतिहासकार प्येर तुबेर यांनी रोमच्या आसपासच्या प्रदेशाबद्दल १९७३ मध्ये मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. जमीनदारांनी विखुरलेल्या शेतकऱ्यांना तटाच्या आत आणि आसपास गोळा केले, कारण एकत्र राहणाऱ्या माणसांकडून खंड, वेठ आणि दंड वसूल करणे सोपे जाते. रिक्कार्दो फ्रांकोव्हिक यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी तोस्काना प्रांतात उत्खनने करून त्याला दुरुस्ती सुचवली. टेकडीवरची वस्ती कित्येक ठिकाणी जमीनदाराच्या आधीपासूनच होती, त्याने फक्त तिच्यावर आपला शिक्का मारला. वाद वस्ती आधी की मालक आधी एवढाच आहे. तट मालकाच्या कामाचा होता, याबद्दल दोन्ही बाजूंत फारसे दुमत नाही.

दुसरा पुरावा नकाशावर आहे, आणि तो गाडीतून जितका स्वच्छ दिसतो तितका पुस्तकातून दिसत नाही. फोंतानेल्लातोहून सोरान्या दहा-बारा किलोमीटर, सोरान्याहून बुस्सेतो साधारण तेवढेच. तीनही गावांच्या मधोमध किल्ला, आणि तीनही किल्ले वेगवेगळ्या घराण्यांचे. फोंतानेल्लातो सानव्हितालेंचे, सोरान्या मेली लुपींचे, बुस्सेतो पाल्लाव्हिचीनोंचे. पंधराव्या शतकात या वीस-पंचवीस किलोमीटरांत माणूस तीन धन्यांच्या हद्दी ओलांडत असे. सगळे सपाट रान. ना खिंड, ना घाट, ना मोक्याची टेकडी. युद्धशास्त्राच्या दृष्टीने इथे इतके किल्ले असण्याचे काही कारण नाही. कारण आहे ते जमिनीत, पाण्याच्या पाटांत आणि रस्त्यांत. इ. स. पूर्व १८७ मध्ये रोमनांनी आखलेला एमिलिया मार्ग याच मैदानातून जातो. उत्तरेकडून रोमला जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी फिदेंझा, फोर्नोव्हो, बेर्चेतो अशा मुक्कामांनी चीझा घाटातून डोंगर ओलांडत. साल्सोमाज्जोरेच्या परिसरात खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. ते पाणी आटवून मीठ काढत, आणि समुद्रापासून लांबच्या प्रदेशात मीठ म्हणजे रोख पैसा. पाल्लाव्हिचीनोंची भरभराट या मिठावर बरीचशी उभी होती. डोंगर-खोऱ्यांतल्या किल्ल्यांची जागाही अशीच निवडलेली दिसते. खाली रस्ता किंवा नदीचा उतार, त्यावर जकात, आणि जकात चुकवणाऱ्यावर नजर ठेवायला बुरूज.

इथे कोणी म्हणेल, की मग तोर्रेकियाराचे तट खोटे का? पार्मा नदीच्या खोऱ्यावरच्या टेकडीवर चार कोपऱ्यांना चार चौकोनी बुरूज, तटाच्या एकाआत एक अशा तीन रांगा, चर्या, जंग्या, सगळे आहे. १४४८ ते १४६० अशी बारा वर्षे रोस्सीने या बांधकामावर घालवली, ती काय शोभेसाठी? आक्षेप योग्य आहे. प्येर मारिया रोस्सी खराखुरा सेनानी होता, मिलानच्या स्फोर्झांसाठी लढलेला. आणि १४८२ मध्ये लोदोव्हिको स्फोर्झाशी बिनसल्यावर त्याला खरेच युद्धाला तोंड द्यावे लागले. पण त्या युद्धाचे काय झाले ते पाहावे. त्याच वर्षी म्हातारा रोस्सी तोर्रेकियारात मरण पावला आणि पुढच्या वर्षभरात घराण्याचे बहुतेक किल्ले हातचे गेले. छतावर रंगवलेली ती यादी जवळजवळ सगळीच पुसली गेली. मोठ्या राज्याची फौज आणि तोफा आल्या की हे तट थोडे दिवस अडवू शकत, जास्त नाही. ते बांधलेच होते शेजारच्या सरदाराची टोळी, बंड करणारे गाव आणि वाटमारे यांच्यासाठी. राजाच्या फौजेसाठी नव्हे.

बारा वर्षांनी फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स चाकांच्या गाड्यांवर ओढता येणाऱ्या कांस्याच्या तोफा घेऊन आल्प्स उतरला आणि उरलासुरला भ्रमही संपला. नेपल्सच्या वाटेवर मोंते सान जोव्हान्नी नावाचा बळकट समजला जाणारा किल्ला त्याने काही तासांत पाडला. परतताना ६ जुलै १४९५ रोजी इटालियन राज्यांच्या संयुक्त फौजेने त्याला फोर्नोव्होपाशी, तारो नदीच्या पात्रात गाठले. हे ठिकाण तोर्रेकियाराहून पंधरा-वीस किलोमीटरच्या अंतरात येते. लढाई झाली ती उघड्या पात्रात. आसपास एवढे किल्ले असून त्यांनी या लढाईत काही निर्णायक भूमिका बजावली नाही, आणि फ्रेंच वाट काढून निघून गेले. त्यानंतर लष्करी वास्तुकलेने दुसरा रस्ता धरला. तट बुटके आणि जाड झाले, बुरुजांना टोकदार कोन आले, आणि असे बांधकाम परवडणार कोणाला, तर राज्याला. गावच्या सरदाराच्या ऐपतीबाहेरचे ते काम. त्याने मग आपल्या जुन्या किल्ल्याला खिडक्या पाडल्या, दिवाणखाने काढले आणि चित्रकार बोलावले.

फोंतानेल्लातोच्या सानव्हिताले किल्ल्यात हा बदल सगळ्यात चांगला दिसतो. गावच्या चौकाच्या मधोमध पाण्याने भरलेला खंदक, त्यात उभी विटांची चौकोनी इमारत, आणि तळमजल्यावर एक लहानशी खोली. गालेआत्सो सानव्हिताले आणि त्याची बायको पाओला गोंझागा यांनी १५२४ च्या सुमारास ही खोली एका पार्मेकर तरुणाकडून रंगवून घेतली. त्याचे नाव पार्मिजानीनो, आणि वय असेल एकवीस. विषय ग्रीक पुराणातला. आक्टेऑन हा शिकारी वनदेवी डायानाला स्नान करताना पाहतो, तिच्या शापाने त्याचे हरीण होते आणि त्याचेच शिकारी कुत्रे त्याला फाडून खातात. वर छतावर गुलाबाच्या वेली आणि आकाश. या चित्रांचा अर्थ काय, ही खोली नेमकी कशासाठी होती, यावर कलेच्या अभ्यासकांत बरेच वाद आहेत. आपल्या मुद्द्यापुरते एवढेच पुरे, की खंदक ओलांडून आत गेल्यावर या किल्ल्यातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे घरातल्या माणसांसाठी रंगवलेली, बाहेरच्यांना सहसा न दिसणारी खोली. याच किल्ल्याच्या एका बुरुजात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरशांची एक करामत बसवलेली आहे. अंधाऱ्या खोलीत बसून बाहेरच्या चौकातली हालचाल पडद्यावर जशीच्या तशी दिसते. मनोरंजनासाठी केलेली सोय असेल. तरी गावाला न कळता गाव पाहण्याची ही हौस त्या घराला शोभणारीच. सानव्हिताले घराण्यातल्या शेवटच्या काउंटने १९४८ मध्ये किल्ला गावच्या नगरपालिकेला विकला. म्हणजे आपल्याकडे संविधान सभेचे काम चालू होते तेव्हा फोंतानेल्लातोचा किल्ला अजून खासगी घर होते.

रोक्काब्यांकाची गोष्ट आणखी बोलकी आहे. पो नदीजवळच्या सपाटीवर प्येर मारिया रोस्सीने हा किल्ला ब्यांकासाठी बांधला आणि तिचेच नाव त्याला दिले. त्यातल्या एका खोलीत बोक्काच्चोच्या 'देकामेरोन'मधली ग्रिसेल्दाची कथा रंगवलेली होती. एक उमराव गरीब शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करतो आणि तिचा आज्ञाधारकपणा पारखण्यासाठी तिच्यावर एकामागून एक क्रूर परीक्षा लादतो, मुलेसुद्धा हिरावून घेतो. ती सगळे मुकाट्याने सोसते आणि शेवटी बक्षीस म्हणून पुन्हा उमरावपत्नीचे पद मिळवते. प्रेयसीच्या घरात रंगवायला हा विषय कोणाला सुचावा, असे आज वाटते. पण धनी आणि रयत यांच्या नात्याबद्दल या वर्गाची समजूत काय होती, हे या एका निवडीतून जितके कळते तितके दहा तोफा पाहून कळणार नाही. खोलीतली चित्रे आता रोक्काब्यांकात नाहीत. ती काढून मिलानच्या स्फोर्झा किल्ल्यातल्या संग्रहालयात नेली आहेत.

किल्ले खासगी सत्तेचे असतील, तर मोठ्या राज्याला ते खुपले असले पाहिजेत. तसेच झाले. १५४५ मध्ये पोप तिसरा पॉल याने पार्मा-प्याचेन्झाची नवी डची निर्माण करून ती आपला मुलगा प्येर लुईजी फार्नेझे याला दिली. पोपला मुलगा कसा, हा प्रश्न त्या काळच्या इटलीत कोणी फारसा विचारत नसे. नव्या ड्यूकने एक फर्मान काढले. सरदारांनी आपापल्या किल्ल्यांत न राहता शहरात येऊन राहावे. फर्मान वरवर साधे, पण घाव वर्मी बसणारा होता. किल्ला सोडून शहरात आलेला सरदार म्हणजे ड्यूकच्या नजरेखालचा, वसुलीपासून तुटलेला भाडेकरू. १० सप्टेंबर १५४७ रोजी प्याचेन्झात प्येर लुईजीचा खून झाला. मारेकऱ्यांत आंग्विस्सोला, लांदी, पाल्लाव्हिचीनो, कोन्फालोनिएरी ही त्या मुलखातल्या जुन्या घराण्यांची नावे. याला कोणी हरकत घेईल, की कटामागे मिलानचा गव्हर्नर फेर्रांते गोंझागा आणि त्याच्या पाठीशी सम्राट पाचवा चार्ल्स होता, म्हणजे हे मोठ्या सत्तांचे राजकारण झाले. होते खरे. पण गव्हर्नरला खंजीर धरणारे हात स्थानिक किल्ल्यांतच मिळाले, आणि ते फुकट मिळाले नाहीत. कटातल्या आगोस्तीनो लांदीला चारच वर्षांनी सम्राटाने तारो खोऱ्याचा राजपुत्र केले आणि स्वतःची नाणी पाडण्याचा हक्क दिला. फार्नेझे मात्र विसरले नाहीत. १६१२ मध्ये ड्यूक पहिला रानुच्चो याने कटाचा आरोप ठेवून कोलोर्नोची मालकीण बार्बारा सानसेव्हेरीनो, सानव्हिताले घराण्यातले काही जण आणि मोन्तेक्यारुगोलोचा पियो तोरेल्ली यांना पार्म्यात भर चौकात मृत्युदंड दिला. कट खरा किती आणि रचलेला किती, याबद्दल शंका घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. परिणाम मात्र निर्विवाद. त्यांचे किल्ले जप्त झाले, आणि कोलोर्नो ड्यूकचा राजवाडा बनला.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार अनोळखी वाटू नये. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांनी मिरासदार-वतनदारांचे वाडे-कोट पाडून त्यांना साध्या घरांत राहायला लावले असे म्हटले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी सावधगिरीचे वेगळे प्रकरण आहे आणि किल्ल्यांविषयी वेगळे. स्वराज्यातला किल्ला हे राज्याचे ठाणे होते. त्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस असे वेगवेगळ्या जातींचे कामगार नेमलेले, म्हणजे एकट्याच्या मर्जीने तो कोणाच्या हवाली करता येऊ नये. किल्ला कोणाच्या बापजाद्यांची मिळकत नव्हता, आणि तो तसा होऊ नये म्हणून काळजी घेतली जात होती. फार्नेझ्यांना जे हवे होते आणि पूर्ण साधता आले नाही, ते सह्याद्रीत सतराव्या शतकात बऱ्याच अंशी साधले. म्हणून आपल्या गडांवर रंगवलेली शयनगृहे शोधू नयेत, आणि पार्म्याच्या किल्ल्यांत बालेकिल्ला-माची-संजीवनीचा डाव शोधू नये. २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले ते मराठ्यांची लष्करी भूदृश्ये म्हणून. पार्म्याच्या मुलखाला ते नाव शोभणार नाही. आपल्याकडे त्यांच्या तोडीचे काही असेल तर ते ढासळत चाललेल्या गढ्यांत आहे, आणि त्यांच्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही.

किल्ले टिकले कसे, याचे उत्तरही इथेच सापडते. जिथे खरोखर मोठा इतिहास घडला ते कानोसा पाहा. तोर्रेकियाराच्या पूर्वेला, शेजारच्या रेज्जो जिल्ह्यातला हा कडा. जानेवारी १०७७ मध्ये सम्राटपदाचा दावेदार जर्मन राजा चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीची क्षमा मागायला इथे आला आणि तीन दिवस दाराबाहेर ताटकळला. आत किल्ल्याची मालकीण मातिल्दा आणि तिचा पाहुणा पोप. युरोपच्या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध दारांपैकी हे एक. आज तिथे दार नाही, भिंती नाहीत म्हटले तरी चालेल. १२५५ मध्ये रेज्जोच्या नागरिकांनी किल्ला पाडला, आणि नंतर कडाही ढासळत गेला. ज्या किल्ल्याला राजकारणात वजन होते तो पाडण्याच्या लायकीचा ठरला. ज्यांच्यात माणसे चारशे-पाचशे वर्षे घर करून राहिली, छपरे शाकारली, पाऊस अडवला, ते उभे राहिले. सोरान्याच्या किल्ल्याचा सतराव्या शतकात पुरता महाल झाला. आत सोनेरी नक्षी, मखमल, आरसे आहेत, मध्ययुगाचा मागमूस बाहेरच्या बुरुजांपुरता. आणि मालकी अजून मेली लुपींकडेच. तेव्हा जे टिकले ते बदलले म्हणून टिकले. 'अस्सल मध्ययुगीन' असे लेबल लावायला यातला एकही किल्ला पूर्णपणे पात्र नाही.

इथे सगळ्यात टोचणारा आक्षेप येतो. बदललेले, डागडुजी केलेले, रंगरंगोटी केलेले हे किल्ले म्हणजे प्रवाशांसाठी उभे केलेले नाटकाचे पडदे तर नव्हेत? शंका घ्यायला ग्रात्सानो व्हिस्कोंती हे गाव पुरेसे आहे. प्याचेन्झाच्या दक्षिणेला, दगडी कमानी, लोखंडी दिवे, लाकडी सज्जे, भिंतींवर ढाली. येणारे फोटो काढतात आणि चौदाव्या शतकात फिरून आल्याच्या समाधानाने परततात. तिथला किल्ला चौदाव्या शतकाच्या अखेरचा आहे खरा. पण गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुझेप्पे व्हिस्कोंती दी मोद्रोने याने आर्किटेक्ट आल्फ्रेदो कांपानीनी याच्याकडून नवे बांधून घेतले. हा जुझेप्पे म्हणजे पुढे सरंजामी घराण्यांच्या ऱ्हासावर 'द लेपर्ड'सारखा सिनेमा काढणाऱ्या लुकीनो व्हिस्कोंतीचा बाप. हे एकट्याचे वेड नव्हते. १८८४ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनासाठी एक अख्खे मध्ययुगीन गाव नव्याने उभारले होते आणि ते लोकांना इतके आवडले की कायम ठेवले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी कामिल्लो बोईतो याच्या पुढाकाराने इटालियन वास्तुशास्त्रज्ञांनी ठरवले होते, की जुन्या इमारतीत घातलेला नवा भाग नवा म्हणून ओळखू आला पाहिजे. एका बाजूला हा शहाणपणा आणि दुसऱ्या बाजूला नवी मध्ययुगे, दोन्ही एकाच काळात. विगोलेनोच्या तटबंदीतल्या गावाची डागडुजीही १९२०च्या दशकात एका डचेसने हौसेने केली आणि तिथे त्या काळच्या कलावंतांच्या मैफली भरवल्या.

म्हणून आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. आज दिसणाऱ्या चर्यांपैकी बऱ्याच आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाच्या आहेत. पण त्यावरून 'सगळे खोटे' असा निष्कर्ष काढणारे माझ्या मते घाई करतात. ग्रात्सानो हे मध्ययुगाबद्दल काही सांगत नसले, तरी १९०० सालच्या इटालियन उमरावाबद्दल भरपूर सांगते. १८६० नंतर इटली एक झाली, डच्या गेल्या, सरदारांचे राजकीय हक्क गेले, आणि उरली ती जमीन, नाव आणि आठवण. खरी सत्ता हातून गेलेल्या वर्गाने तिचा देखावा विटा-दगडांत बांधून ठेवला. तोर्रेकियाराच्या छतावरची यादी आणि ग्रात्सानोच्या कमानी यांच्यात साडेचारशे वर्षे आहेत, पण काम एकच: हे आमचे आहे, असे पाहणाऱ्याला बजावणे. पहिल्या यादीमागे फौज होती, दुसरीमागे नव्हती, एवढाच फरक. तेव्हा ग्रात्सानो टाळू नये, फक्त ते किती सालचे हे डोक्यात ठेवून पाहावे.

मला जास्त गंभीर वाटणारा आक्षेप दुसरा आहे, आणि त्याला पुरते उत्तर देता येत नाही. या सगळ्या घरांत धनी दिसतो, रयत दिसत नाही. ज्यांच्या खंडावर सोन्याची खोली रंगली त्यांची नावे कुठल्याही भिंतीवर नाहीत. त्यांचा माग काढायचा तर किल्ल्याबाहेर पाहावे लागते. लांगिरानोच्या उतारावर डुकराच्या मांड्या वाऱ्यावर वाळवायच्या लांबलचक इमारती, चीजची कोठारे, पोकाठच्या ओलसर तळघरांत मुरवत ठेवलेले कुलातेल्लो नावाचे डुकराचे मांस. मीठ, दूध, डुक्कर आणि तळघर यांवर चाललेले हे अर्थकारण किल्ल्यांच्या काळापासूनचे आहे. बार्दीला गेले की दुसरी बाजू कळते. चेनो नदीच्या खोऱ्यात लाल जास्परच्या कड्यावर चढवलेला लांदींचा हा किल्ला सगळ्या मुलखात दिसायला सर्वांत दांडगा; १२५७ पासून लांदींचा, १६८२ मध्ये फार्नेझ्यांना विकला गेला. हॅनिबालचा शेवटचा हत्ती इथे मेला आणि त्याच्या नावावरून गाव बार्दी झाले, अशी एक गमतीदार दंतकथाही आहे. पण किल्ल्याखालच्या गावातली माणसे एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत पोट भरायला बाहेर पडली. त्यांतली शेकडो थेट वेल्सच्या कोळशाच्या खाणींच्या गावांत जाऊन कॉफीची आणि आइस्क्रीमची दुकाने चालवू लागली. २ जुलै १९४० रोजी इंग्रजांनी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडलेल्या इटालियनांना घेऊन कॅनडाला निघालेले 'अरान्डोरा स्टार' जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले, तेव्हा मेलेल्यांत बार्दीचे अनेक होते. त्यांच्या स्मरणार्थ गावच्या स्मशानात एक छोटे प्रार्थनाघर आहे. किल्ला पाहून झाल्यावर तिथे जावे.

दोन दिवसांत एवढे होते का, असे विचाराल तर सगळे होत नाही, आणि करूही नये. दिवसाला दोन किल्ले पुष्कळ झाले. शनिवारी मैदानातले फोंतानेल्लातो आणि सोरान्या, वेळ उरला तर रोक्काब्यांका. रविवारी सकाळी तोर्रेकियारा आणि दुपारी बार्दी किंवा कानोसा, दोन्ही नाही. डोंगरातले रस्ते वळणांचे आहेत आणि नकाशावरच्या किलोमीटरांवर विसंबून चालत नाही. ग्रात्सानो, विगोलेनो आणि विटांचा सुंदर किल्ला असलेले कास्तेल्लार्क्वातो प्याचेन्झाच्या बाजूला येतात, त्यांच्यासाठी वेगळा शनिवार-रविवार काढावा. भारतीय परवान्यावर गाडी घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्यावा लागतो. तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, आणि स्वस्तातल्या भाड्याच्या गाड्या बहुतेक हाताने गिअर टाकायच्या असतात. जुन्या शहरांच्या मध्यभागी परवानगीशिवाय गाडी नेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. गाडी वेशीबाहेर लावून चालत आत जावे. बरेच किल्ले दुपारी दोन-तीन तास बंद असतात, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि काही ठिकाणी ठरलेल्या वेळी मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात, म्हणून वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात. आणि एकच किल्ला पाहण्याइतका वेळ असेल, तर तोर्रेकियारा पाहावा.